पॅकेज पाच लाखांचं, पण हातात किती आणि कधी? गाव बदलणाऱ्या डॉक्टरांच्या पैशाचं गणित

डॉक्टर, तुमची परिस्थिती मला समजली ती आधी मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर लक्षात येईल. तुम्ही ३७ वर्षांचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकारांचे तज्ज्ञ. सोलापुरात एका ट्रस्टच्या रुग्णालयात सहा वर्षं पगारी नोकरी, महिना २.७५ लाख, हातात साधारण २.२५ लाख. पत्नी डेंटिस्ट, त्यांचं स्वतःचं क्लिनिक, खर्च जाऊन महिना ८० हजार. मुलगी सात वर्षांची. सोलापुरातल्या फ्लॅटवर ३२ लाखांचं कर्ज बाकी, हप्ता ३४ हजार. आता हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयाकडून बोलावणं आलंय: पहिलं वर्ष महिना ५ लाखांची मिनिमम गॅरंटी, नंतर केलेल्या कामावर टक्केवारी, आणि ६ लाखांचा जॉइनिंग बोनस, दोन वर्षं थांबण्याच्या अटीवर. रुजू व्हायचं १ नोव्हेंबरला. तुमचे प्रश्न तीन: सोलापूरचा फ्लॅट विकू का, हैदराबादला लगेच घर घेऊ का, आणि दर महिन्याला वाढणारे सव्वादोन लाख कुठे गुंतवू?

मी सीए आहे आणि गेली एकोणीस वर्षं मुख्यतः डॉक्टरांचीच कामं बघते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो. तुम्ही नोकरी बदलताय असं तुम्हाला वाटतंय. कागदावर तुम्ही नोकरी सोडून व्यवसाय सुरू करताय. तो व्यवसाय अनोळखी शहरात आहे, एकच ग्राहक असलेला आहे, आणि त्याची हमी एक वर्षाची आहे. त्यामुळे पहिल्या अठरा महिन्यांत पैसा केव्हा येतो, त्यातला आपला किती, आणि जमलं नाही तर कर्जबाजारी न होता बाहेर पडता येईल का, हे आधी बघायला हवं. गुंतवणूक त्यानंतर.

सव्वादोन लाखांपासूनच सुरुवात करू. आज तुमच्या घरात दोघांचे मिळून ३.०५ लाख येतात. हैदराबादला ५ लाखांतून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून ४.५० लाख खात्यात पडतील. टीडीएस म्हणजे पूर्ण कर नव्हे, हे पगारदाराच्या अंगवळणी पडलेलं नसतं, कारण पगारातून मालक पूर्ण कर कापून देतो. व्यावसायिकाला उरलेला कर स्वतः भरावा लागतो. वर्षाचे ६० लाख, त्यातून गाडी, परिषदा, विमा, फोन असा खरा खर्च ६ लाख धरला (त्यातला बराचसा तुम्ही आजही खिशातून करताच), तर उत्पन्न ५४ लाख. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या दरांनी, ५० लाखांवरचा अधिभार आणि उपकर धरून कर होतो सुमारे १३.७३ लाख. टीडीएस गेला ६ लाख. उरले ७.७३ लाख, म्हणजे महिना ६४ हजार. हातात राहिले ३.८६ लाख. त्यातून तुम्ही सांगितलेलं ४५ हजार भाडं वजा करा. इंडेम्निटी (रुग्णांच्या भरपाईच्या दाव्यांसाठीचा डॉक्टरांचा विमा), आरोग्यविमा, शाळेच्या फीमधला फरक आणि ये-जा यांचे मी ३५ हजार धरते. उरतात ३.०६ लाख.

मॅडमचं क्लिनिक बंद करून सगळे एकदम हैदराबादला गेलात, तर पहिल्या वर्षी घरात येणारा पैसा आजच्याइतकाच आहे. गुंतवायला सव्वादोन लाख नाहीत. याचा अर्थ ऑफर वाईट आहे असा मुळीच नाही. डायलिसिस, आयसीयूतलं काम, पुढे ट्रान्सप्लांट, या विषयात मोठ्या शहरात वाढीला खूप जागा आहे, आणि ३७ हे त्यासाठी योग्य वय आहे. फक्त ती वाढ पहिल्या वर्षी आलीच आहे असं धरून कोणताही हप्ता डोक्यावर घेऊ नका.

आता तुमच्या मनात येईल की डॉक्टरांना निम्मंच उत्पन्न दाखवायची सोय आहे ना? आहे. जुन्या आयकर कायद्यातल्या कलमावरून आपण तिला अजून ४४ एडीए म्हणतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमाचा क्रमांक बदललाय, योजना तीच आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. तुमचे सगळे पैसे बँकेतून येणार, म्हणजे ६० लाख बसतात. तेव्हा उत्पन्न ३० लाख, कर सुमारे ४.९९ लाख, टीडीएस ६ लाख, उलट लाखभर परत मिळतील. वरच्या हिशेबात आणि यात पावणेनऊ लाखांचा फरक पडतो.

एवढा फरक असताना मी तुमचा हिशेब जास्तीच्या कराने का मांडला? दोन कारणं आहेत. कायद्यातली भाषा निम्मी रक्कम, किंवा तुम्ही त्याहून जास्त कमावल्याचं सांगत असाल तर ती जास्तीची रक्कम, अशी आहे. रुग्णालयात बसून काम करणाऱ्या कन्सल्टंटचा खरा खर्च क्वचितच निम्मा असतो, आणि बँक खात्यातली शिल्लक व गुंतवणूक दाखवलेल्या उत्पन्नाशी जुळत नसेल तर विचारणा होऊ शकते. दुसरं कारण कराराचं. ठरलेली रक्कम, ठरलेल्या वेळा, रजेचे नियम, दुसरीकडे काम करायला बंदी असं सगळं असेल, तर ही फी नसून पगारच आहे असा आक्षेप आयकर खात्याने अनेक रुग्णालयांच्या बाबतीत घेतलेला आहे. निकाल त्या त्या करारातल्या कलमांवर फिरतो. म्हणून करार तुमच्या सीएला दाखवा, कोणत्या मार्गाने जायचं ते त्यांच्याशी ठरवा, पण विवरणपत्र भरून होईपर्यंत पूर्ण कराचे पैसे बाजूला असू द्या. वाचले तर ते तुमचेच आहेत.

हे मी इतकं आग्रहाने सांगते कारण सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली होती. एका भूलतज्ज्ञांचा हिशेब मी मुख्य रुग्णालयाच्या फीवर काढून दिला. बाकीच्या दोन ठिकाणी ते केसेस घेतात हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मार्चअखेर साडेचार लाखांचा कर अंगावर आला आणि त्यांनी मुलाच्या प्रवेशासाठी ठेवलेली ठेव मोडली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण तेव्हापासून फी खात्यात आली की त्याच दिवशी कराचा वाटा दुसऱ्या खात्यात वळवायचा, ही सवय मी प्रत्येक डॉक्टरांना लावते. तुमच्यासाठी टीडीएस सोडून महिना ६४ हजार. ठरावीक तारखेची स्थायी सूचना बँकेला द्या.

ॲडव्हान्स टॅक्स म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर. त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. निम्म्याच्या योजनेत गेलात तर सगळा एकदम १५ मार्चपर्यंत चालतो. चुकलात तर महिना एक टक्का व्याज. तुमचं पहिलं वर्ष मिश्र असेल, ऑक्टोबरपर्यंत पगार आणि नोव्हेंबरपासून फी. पगारात गेलेला कर आणि फीवरचा टीडीएस आपापल्या जागी बरोबर असले तरी दोन्ही उत्पन्नं एकत्र आली की वरच्या टप्प्यात फरक निघतोच. १५ डिसेंबरच्या आधी एकदा बसून हे बघा. आणखी एक बारीक पण महत्त्वाचं: पगारदाराला जुनी की नवी करपद्धत हे दर वर्षी ठरवता येतं. व्यवसायाचं उत्पन्न असलं की ती मोकळीक राहत नाही. एकदा जुनीत जाऊन परत नवीत आलात की पुन्हा जुनीचं दार बंद. तेव्हा गृहकर्जाच्या व्याजासाठी म्हणून घाईने जुनी पद्धत निवडू नका.

आता पैसा केव्हा येतो ते बघू. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. पगार महिनाअखेरीला येतो. कन्सल्टंटची फी तशी येत नाही. महिना संपल्यावर बिलिंग विभाग हिशेब काढतो, तो तुमच्याकडे तपासायला येतो, मग पेमेंट. तुमच्या ऑफरच्या पत्रात महिना संपल्यावर ४५ दिवसांनी असं लिहिलंय. म्हणजे नोव्हेंबरची फी जानेवारीच्या मध्यावर. जुन्या ठिकाणचा शेवटचा पगार बऱ्याचदा अंतिम हिशेबात अडकतो. ऑक्टोबरअखेर ते जानेवारीचा मध्य, अडीच महिने घरात तुमच्याकडून एक रुपया येणार नाही, आणि त्याच काळात अनामत, सामान हलवणं, नवी शाळा, विम्याचे हप्ते हे सगळं येऊन पडणार. गॅरंटीचे महिने तरी ४५ दिवसांच्या चक्रातून वगळून पुढच्या महिन्याच्या सात तारखेला द्यावेत, हे मागून बघा. ठरलेली रक्कम असल्याने मोजायचं काही नसतं, त्यामुळे हे बहुतेक वेळा मान्य होतं. पगारवाढ मागण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याचा उपयोग जास्त.

मेडिकल कौन्सिलचं कामही पैशाशीच जोडलेलं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून कागद काढून तेलंगणाच्या कौन्सिलकडे नोंदणी करायची, त्याला वेळ लागतो. नोंदणीशिवाय रुग्णालय तुम्हाला रुजू करून घेणार नाही किंवा घेतलं तरी तुमच्या नावाने रुग्ण घेणार नाही, आणि फीचं घड्याळ सुरू होणार नाही. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड याच कामासाठी वापरा. मॅडमची नोंदणी डेंटल कौन्सिलकडे, तीही वेगळी करावी लागेल.

गॅरंटीबद्दल. गॅरंटी या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात. एका प्रकारात तुमचा वाटा ५ लाखांपेक्षा कमी झाला तर रुग्णालय भर घालतं आणि विषय संपतो. दुसऱ्या प्रकारात ती भर म्हणजे उचल असते, पुढच्या महिन्यांच्या वाट्यातून वळती होते. तेराव्या महिन्यात तुमचा वाटा सात लाख होतो आणि हातात पाचच येतात, कारण मागचं वळतं करणं चालू आहे. तुमच्या पत्रात ‘समायोजित’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ लेखी विचारा. टक्केवारी बिल झालेल्या रकमेवर की वसूल झालेल्या रकमेवर, हेही विचारा. विमा कंपनीने कापलेले पैसे, रुग्णाला दिलेली सूट, सरकारी योजनेचे उशिरा येणारे पैसे, यातलं काय तुमच्या वाट्यातून जाणार? नेफ्रॉलॉजीत डायलिसिसचा आकडा रोजचा असतो, तेव्हा प्रत्येक सेशनमागे तुमचा वाटा आहे की नाही, आयसीयूतलं डायलिसिस वेगळं धरणार का, पॅकेजमध्ये दाखल झालेल्या रुग्णाचं काय, हे ओपीडीच्या टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. तिथे आधीपासून किती नेफ्रॉलॉजिस्ट आहेत आणि नवा रुग्ण कोणाच्या नावावर जातो, हे मात्र करारात लिहिलेलं नसतं. तिथून सोडून गेलेल्या एखाद्या कन्सल्टंटला फोन करा. अर्ध्या तासात कळेल.

जॉइनिंग बोनसचं तुम्ही घराच्या डाउन पेमेंटसाठी म्हटलंय. कृपया तसं करू नका. दोन वर्षं होईपर्यंत ते ६ लाख तुमचे नाहीत. टीडीएस जाऊन ५.४० लाख हातात येतील. ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेले तर उपकरासह कर भरून खरे ४.१३ लाख उरतील. आणि अठराव्या महिन्यात सोडलंत तर परत मागतील पूर्ण ६ लाख. आधीच्या वर्षी भरलेला कर आपोआप परत मिळत नाही. वाटाघाटीत हे मागा: जितके महिने पूर्ण, तितक्या प्रमाणात परतफेड कमी, रुग्णालयाने करार मोडला तर परतफेड नाही. आणि पैसे आले की मुदत ठेवीत टाका, चोवीस महिने विसरून जा.

माझ्याकडचे एक अस्थिरोगतज्ज्ञ असेच दुसऱ्या शहरात गेले. तिसऱ्या महिन्यात बोनस घालून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, हप्ता गॅरंटीच्या रकमेवर बेतलेला. तेराव्या महिन्यात गॅरंटी संपली, त्यांच्याच विषयाचे दुसरे डॉक्टर आणले गेले, वाटा निम्म्यावर आला. दुसऱ्या रुग्णालयाने बोलावलं होतं, काम चांगलं होतं, पण बोनस परत द्यायला पैसे नव्हते म्हणून अकरा महिने ते मनाविरुद्ध तिथेच थांबले. हातातलं कौशल्य उत्तम, रुग्ण त्यांच्यावर जीव टाकायचे, आणि तरी त्यांना हलता येईना. म्हणून घराबद्दल माझं मत ठाम आहे: गॅरंटी संपल्यानंतर निदान सहा महिने टक्केवारीचा पैसा बघा, मग घर बघा. काही सल्लागार सांगतील की पगार आहे तोवर कर्ज काढून घ्या, कारण व्यावसायिक झाल्यावर बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. बँकांबद्दल ते खरं सांगतात. पण कर्ज मिळणं आणि कर्ज झेपणं यांत मी झेपण्याचा विचार करते.

सोलापूरचा फ्लॅट एवढ्यात विकू नका. तो तुमचा परतीचा रस्ता आहे. सगळे हललात की वर्षभर भाड्याने द्या. भाड्याने हप्त्याचा निम्मा भागही निघणार नाही, हे मला माहीत आहे. नव्या करपद्धतीत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज त्या भाड्यातून वजा होतं, पण त्यातून येणारा तोटा बाकीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तरी वर्षभराचा हा खर्च मी विम्याच्या हप्त्यासारखा धरते. हैदराबादला बस्तान बसलं की मग विका. तुमचा फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने नफ्यावर १२.५ टक्के सरळ, किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी कर लागेल.

आता मॅडमच्या क्लिनिकबद्दल. तुमच्या प्रश्नात त्याला एकच ओळ आहे, माझ्या मते मात्र निर्णयाचा कणा तिथे आहे. चालू डेंटल क्लिनिक म्हणजे खुर्ची आणि कॉम्प्रेसर एवढंच नसतं. वायर लावलेली मुलं दीड-दोन वर्षं येत असतात, त्यांचे पैसे अर्धे घेतलेले असतात, उपचार अर्धे राहिलेले असतात. घाईने बंद केलं तर खुर्ची भंगाराच्या भावात जाते आणि रुग्णांचे पैसे परत करावे लागतात. मी सुचवते की तुम्ही नोव्हेंबरला एकटे जा. सोलापूर-हैदराबाद अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, शनिवारी संध्याकाळी निघून सोमवारी पहाटे परतता येतं. मुलीचं शालेय वर्ष पूर्ण होऊ द्या, मॅडमना क्लिनिक नीट कोणाला तरी सोपवायला किंवा विकायला सहा-सात महिने मिळू द्या. एकट्यासाठी लहान भाड्याचं घर, येण्याजाण्याचा खर्च धरूनही त्यांचे ८० हजार चालू राहिल्याने घराचं गणित जास्त भक्कम राहतं. शिवाय एप्रिलपर्यंत तुम्हाला रुग्णालयाचा अंदाज आलेला असेल, आणि नाहीच पटलं तर घर अजून सोलापुरातच असेल. अर्थात लहान मुलीपासून सात महिने लांब राहणं सगळ्यांना जमत नाही. ते तुमचं तुम्ही दोघांनी ठरवायचं. मी फक्त इतकं सांगेन की मॅडमच्या व्यवसायाची किंमत शून्य धरून हा निर्णय घेऊ नका, आणि त्याबद्दल बोलताना त्या शेजारी बसलेल्या असू द्या.

विम्याचं थोडक्यात, पण एका मुद्द्यावर थांबते. आरोग्यविमा तुमच्या रुग्णालयाचा सामूहिक आहे, तो नोकरीबरोबर जाईल. आज नोकरीत असतानाच स्वतःचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्यविमा) घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही. टर्म विमा आणि अपंगत्वाचं संरक्षण देणारा अपघात विमाही बघा.

थांबायचा मुद्दा प्रोफेशनल इंडेम्निटीचा. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या, तेव्हापासून हा विमा अपरिहार्य झाला. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आपल्याकडच्या या पॉलिसी दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात. उपचार झाले त्या दिवशी पॉलिसी होती एवढं पुरत नाही. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरमध्ये सोलापूर सोडलंत आणि पुढच्या जूनमध्ये सोलापूरच्या रुग्णाची नोटीस हैदराबादला आली, तर सोलापूरच्या रुग्णालयाची पॉलिसी तुम्हाला सामावते का, हा प्रश्न उरतो. स्वतःची पॉलिसी आधीपासून असेल तर ती एक दिवसही खंडू देऊ नका, म्हणजे तिची मागची तारीख, ज्या तारखेपासूनच्या उपचारांवरचे दावे ती सामावते ती, कायम राहते. नसेल तर जुन्या रुग्णालयाकडून लेखी घ्या की नोकरीच्या काळातल्या उपचारांवरचे दावे तेच हाताळतील. आणि नव्या पॉलिसीत मागची तारीख मिळते का ते कंपनीला विचारा. हैदराबादच्या रुग्णालयाची पॉलिसी रुग्णालयाचं रक्षण करते. तुमचं नाव तिच्यात आहे का, ते बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

जुन्या नोकरीतून काय घ्यायचं ते बघू. पाच वर्षं पूर्ण झाल्याने ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार १.२० लाख असेल तर १५ भागिले २६ गुणिले सहा वर्षं या सूत्राने सुमारे ४.१५ लाख होतात, करमुक्त, आणि ते ३० दिवसांत द्यायचे असतात. बरेच डॉक्टर हे मागतच नाहीत. भविष्य निर्वाह निधी नव्या ठिकाणी वळवता येणार नाही, कारण तिथे तुम्ही कर्मचारी नसाल. लगेच काढायची घाई नको, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो हे लक्षात ठेवा. आणि यापुढे तुमच्या निवृत्तीसाठी कोणीही मालक काही भरणार नाही, तेव्हा पीपीएफ आणि एनपीएस यांचा विचार वर्षभरानंतर नक्की करायचा. गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तेलंगणाची नोंदणी आणि तिथला कर येतो, तोही खर्चात धरा.

करारात आणखी दोन कलमं तुम्हाला अस्वस्थ करताहेत. सोडल्यावर दोन वर्षं हैदराबादेत प्रॅक्टिस करायची नाही, या अटीची फार काळजी करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार काम सोडल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट मात्र टिकते. किमान दोन वर्षांची अट आणि पैसे परत करण्याची अट गांभीर्याने घ्या. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान सेवेची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. तुमचा करार वेगळ्या प्रकारचा आहे, पण वाजवी भरपाईची अट केवळ बंधन आहे म्हणून रद्द होईल या भरवशावर सही करू नका.

आता गुंतवणूक. चालू एसआयपी तशाच ठेवा, नवी काही सुरू करू नका. पहिल्या वर्षी जे उरेल त्यातून आधी सहा महिन्यांचा घरखर्च जमवा, दोन्ही घरांचा मिळून. तुमच्या आकड्यांवरून तो बारा-तेरा लाखांपर्यंत जातो. ग्रॅच्युइटी त्यातच टाका. कराचं खातं वेगळं, बोनसची ठेव वेगळी. या तीन ठिकाणांना पहिले अठरा महिने ठरलेल्या कामाखेरीज हात लागला नाही, तर तेव्हा घर आणि गुंतवणूक या दोन्हींबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

राजीनामा मात्र दुरुस्त करून सही झालेलं करारपत्र हातात आल्यावरच द्या. फोनवर “होईल हो डॉक्टर, काळजी करू नका” असं सांगितलेलं मी पुष्कळदा ऐकलंय, आणि सांगणारी माणसं बहुधा मनापासूनच सांगतात, पण सहा महिन्यांनी ती त्या खुर्चीवर नसतात. ‘समायोजित’चा अर्थ, पैसे देण्याची तारीख, बोनसची प्रमाणात परतफेड आणि डायलिसिसचा वाटा, एवढे चार प्रश्न आज एका मेलमध्ये लिहून पाठवा. त्यांची उत्तरं आली की ते कागद आणि तुमची मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं घेऊन तुमच्या सीएकडे मॅडमसह एक तास बसा.